मीठ मारलेला बर्फ

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका बुधवारी, दुपारी पावणेदोन वाजता, परळमधल्या एका रुग्णालयात पंधरा वर्षांच्या एका मुलीला आणलं. तिला सकाळपासून उलट्या होत होत्या आणि श्वास जोरजोरात चालला होता. बोटाला सुई टोचून साखर मोजली तेव्हा यंत्रावर आकडा आला नाही. इंग्रजीत 'हाय' अशी अक्षरं आली. साखर यंत्राच्या मोजण्यापलीकडे गेली की ती येतात.

मुलीसोबत तिची आई होती. बाजारातून तशीच आलेली, साडीला खवले चिकटलेले. तिने आकडा विचारला. आकडा आला नाही, असं परिचारिकेने सांगितलं.

"नाय आला म्हंजे कमी का जास्त?" आईने विचारलं.

ही नोंद त्या आईची आहे.

लालबागच्या बाजारात जे मासे घेतात त्यांनी तिला पाहिलं असेल. डाव्या हाताच्या रांगेत, नळाच्या बाजूचा ओटा. गिऱ्हाईक समोर आलं की बोलायच्या आधी ती अंगठ्याने माशाचा कल्ला उघडून आतला लाल रंग दाखवायची. मासा ताजा आहे का, असं कोणी विचारलं तर वरपासून खालपर्यंत बघून म्हणायची, "तुझ्यापेक्षा ताजा हाय." हे ती न्यायाधीशालाही म्हणाली असती. सगळ्यांना 'तू' म्हणायची. मी तिला मावशी म्हणायचे, ती मला बाय.

माझं ऑफिस तिथून चालत सात मिनिटांवर आहे. एका संध्याकाळी गळ्यातलं ओळखपत्र काढायला विसरले आणि बांगडे घ्यायला गेले. ती कोयता थांबवून कार्डाकडे बघत राहिली. पेपरात काय लिहितेस, असं तिने विचारलं. आरोग्याच्या बातम्या, असं मी सांगितलं. तिने बांगडे बाजूला ठेवले, हात धुतले आणि पदराखालून एक चुरगळलेलं कात्रण काढलं. चार महिन्यांपूर्वीची माझीच बातमी होती. मधुमेहावर कायमचा उपाय दृष्टिपथात, असा मथळा. मथळा मी दिला नव्हता, बातमी माझी होती.

"ह्ये उंदीर का मानूस?" तिने विचारलं.

बातमीच्या सातव्या परिच्छेदात ते लिहिलेलं होतं. उंदीर. मी तसं सांगितलं. तिने कात्रणाची घडी घातली, ते परत पदराखाली ठेवलं आणि बांगडे साफ करायला घेतले.

पुढची दोन वर्षं ती मला हाच प्रश्न विचारत होती.

तिच्या मुलीला नवव्या वर्षी मधुमेह निघाला. मोठ्यांना होतो तो नव्हे, मुलांना होतो तो. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड असतं, त्यातल्या काही पेशी इन्सुलिन बनवतात. या आजारात शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा त्या पेशी मारून टाकते. मग इन्सुलिन बाहेरून टोचावं लागतं, रोज, आयुष्यभर. मुलीच्या डॉक्टरांनी हे आईला समजावताना परळच्या पद्धतीने समजावलं होतं: पोटात एक गिरणी आहे, गिरणीच्या वॉचमननीच कामगारांना मारलं, गिरणी बंद पडली.

मावशीने ते जसंच्या तसं धरून ठेवलं. गिरणी पुन्हा चालू होणार का, असं तिने तेव्हा डॉक्टरांना विचारलं होतं, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच म्हणाली होती की लालबागला बंद पडलेली कुठली गिरणी चालू झालीय. ते सांगताना ती हसायची. हसून झालं की ओट्यावरच्या माशांची उगाच जागा बदलायची.

मूळ पेशींपासून प्रयोगशाळेत इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी तयार करतात, ही बातमी मी तिला त्याच भाषेत सांगितली. नवे कामगार बाहेर तयार करून आत सोडतात.

"उंदीर का मानूस?"

या वेळी माणूस होता. परदेशात मोजक्या रुग्णांना या पेशी दिल्या होत्या आणि त्यातल्या काहींचं इन्सुलिन बंद झालं होतं. हे ऐकून तिने शेजारच्या ओट्यावरच्या बाईला हाक मारली आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. दोघींनी ऐकलं. मग तिने विचारलं, वॉचमन तेच असतील तर ते नव्या कामगारांना मारणार नाहीत का? अनेक पदवीधरांनी हा प्रश्न विचारलेला नाही. मारतील, मी म्हटलं. म्हणून वॉचमनना झोपवून ठेवायचं औषध कायम घ्यावं लागतं, आणि वॉचमन झोपले की चोरही शिरतात, म्हणजे दुसरे आजार होतात. कामगारांना असे कपडे घालायचे की वॉचमनला ओळखूच येऊ नयेत, असाही प्रयत्न चालू आहे.

"मग ह्ये इकडं कवा?"

मला माहीत नव्हतं. तिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, तोवर टिकवायची.

माशाला स्वादुपिंड असतं का, असंही तिने एकदा विचारलं होतं. मी एका प्राध्यापकांना फोन केला. असतं, पण माणसासारखं एका जागी नसतं, आणि बऱ्याच माशांत इन्सुलिनच्या पेशींचा वेगळा मणी असतो. शंभर वर्षांपूर्वी इन्सुलिनवर पहिल्यांदा काम झालं तेव्हा माशांतूनही ते काढून पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने माझ्यासमोर एका सुरमईचं पोट उघडलं आणि आतड्यांमधून बोटाने चाचपत बराच वेळ तो मणी शोधला. मागे चार गिऱ्हाइकं उभी होती. सापडला नाही. "इतकी वर्सं फेकत आले मी," एवढंच ती म्हणाली.

ती टिकवायची म्हणायची तेव्हा ते तिच्या धंद्यातलं बोलणं होतं. पहाटे धक्क्यावरून घेतलेला मासा संध्याकाळपर्यंत टिकवायचा, हे तिचं काम. त्यासाठी तिचा विश्वास एकाच गोष्टीवर होता. बर्फावर.

घरचा फ्रिज जुना होता आणि महिन्यातून एकदा तरी बंद पडायचा. शिवाय मुलगी दुपारी शाळा सुटल्यावर काळाचौकीवरून चालत ओट्यावर यायची, जेवणाआधीची सुई तिथेच घ्यायची. त्यामुळे चालू बाटली मावशी बाजारात आणायची. स्टीलचा डबा, त्यात फडक्यात गुंडाळलेली बाटली, डबा माशांच्या पेटीतल्या बर्फावर. फ्रिजचा भरवसा नाही, बर्फ कधी दगा देत नाही, असं तिचं म्हणणं होतं. मुलगी ओट्यामागे पाठ करून बसायची, पोटाला सुई टोचायची, डबा बंद करायची. समोर कोणी पापलेटचा भाव करत असायचं.

हे मी पाहिलं आणि लिहिलं. मुलीला रुग्णालयात न्यावं लागलं त्याच वर्षी एप्रिलमध्ये रविवारच्या पुरवणीत नव्या पेशींवर माझा पानभर लेख आला. त्यात एका चौकटीत ही मायलेक होती, नावं बदलून. शेवटचं वाक्य असं होतं की विज्ञान येईपर्यंत एका आईने लेकीचं इन्सुलिन बर्फात जपून ठेवलं आहे. चौकटीचा मथळा 'आईचा बर्फ'. लेखासाठी मी दोन डॉक्टरांशी बोलले होते. पेशींबद्दल बोलले. बर्फाबद्दल विचारलं नव्हतं.

ती चौकट मावशीने प्लास्टिकमध्ये घालून ओट्यामागच्या भिंतीला टांगली. ज्यांना वाचता येत होतं त्यांना वाचायला लावायची, येत नव्हतं त्यांना वाचून दाखवायची. बाजारातल्या बायका तिला पेपरवाली म्हणू लागल्या. त्याच आठवड्यात तिने घरच्या फ्रिजमधल्या महिन्याच्या सगळ्या बाटल्या काढून आणल्या आणि पेटीत ठेवल्या. रात्री पेटी घरी जायची, पहाटे परत यायची. बर्फ रोज भरला जायचा.

मेमध्ये ऊन वाढलं. उन्हाळ्यात बर्फावर खडे मीठ मारायची तिची पद्धत होती. मीठ मारलं की बर्फ कडक होतो, असं ती सांगायची. डबा वरून काढून तिने पेटीच्या तळाला ठेवला. वर सुरमई.

मेच्या पहिल्या आठवड्यापासून मुलीची साखर वाढू लागली. ती रोजचे आकडे एका वहीत लिहायची. आधी दोनशे, मग अडीचशे, मग तीनशे वीस. रुग्णालयात विचारलं तेव्हा डोस वाढवून दिला. तरी साखर उतरली नाही. मुलगी रात्रीतून चार वेळा पाणी प्यायला उठायची. फ्रॉक ढिले झाले.

मावशीला एकच कारण दिसलं. मुलगी चोरून खाते.

आंब्याचे दिवस होते. शाळेला सुट्टी होती, तरी तिने दप्तर तपासलं, गादीखाली पाहिलं. घराजवळच्या गोळेवाल्याला जाऊन दम दिला. मुलगी ओट्यावर आली की आधी तिचं तोंड हुंगायची. बाजारातल्या बायकांना तिने कामाला लावलं. पोरगी कुठे काही खाताना दिसली तर मला सांगायचं. बायकांनी ते काम मनापासून केलं, आणि त्यांतल्या एकीने मुलीच्या हातात कलिंगडाची फोड पाहिल्याचं कळवलं. फोड मैत्रिणीची होती. मावशीने भर बाजारात मुलीच्या पाठीत धपाटा घातला.

त्या दिवशी मी तिथे होते. मुलगी रडली नाही. तिने फक्त सांगितलं, "आये, मी काय पण खाल्लं नाय."

"मग साकर काय हवेतून येते?"

मी मध्ये पडले. या वयात मुलांना मोह होतो, ओरडून उपयोग नाही, असं काहीतरी मी म्हणाले. म्हणजे मीही मुलीवर विश्वास ठेवला नव्हता. मुलीने माझ्याकडे पाहिलं, डबा उघडला आणि वाढवलेला डोस टोचून घेतला.

नंतर पाच दिवसांनी तो बुधवार आला.

मावशीने मला दुपारी अडीचला फोन केला. मी पोहोचले तेव्हा मुलीला सलाईन लावलं होतं आणि इन्सुलिन थेंबाथेंबाने शिरेतून जात होतं. पुढचे बारा तास महत्त्वाचे आहेत, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. मावशी खाटेच्या पायथ्याशी उभी होती. बसायला सांगितलं तरी बसत नव्हती. मुलीच्या पायाचा तळवा तिने एका हातात धरला होता आणि दर थोड्या वेळाने अंगठ्याने नख दाबून बघत होती, रंग परत येतो का ते.

डॉक्टरबाईंनी घरचं इन्सुलिन मागवलं. शेजारच्या ओट्यावरच्या बाईने डबा आणून दिला. बाटल्या दोन प्रकारच्या होत्या. एक पाण्यासारखी स्वच्छ, दुसरी दुधट. डॉक्टरबाईंनी दुधट बाटली उजेडात धरून सावकाश उलटी केली. आत दूध नव्हतं. पाणी होतं, आणि त्यात बारीक कण. काही कण काचेला चिकटून राहिले. त्यांनी दुसरी बाटली पाहिली, तिसरी पाहिली.

"हे गोठलं होतं का?" त्यांनी विचारलं.

मावशी म्हणाली, गोठलं नव्हतं, बर्फात ठेवलं होतं, एकदम गार. पहाटे कधी कडक लागायचं, ते मी मुठीत धरून सोडवायची.

डॉक्टरबाईंनी समजावलं. इन्सुलिन गार हवं, पण ते गोठलं की मरतं. मग पुन्हा वितळलं तरी उपयोग नाही. नुसत्या बर्फावर फडक्यात ठेवलेलं कदाचित वाचतं. मीठ मारलेला बर्फ शून्याच्याही खाली जातो. गेले काही आठवडे मुलगी बहुधा मेलेलं औषध टोचत होती. डोस वाढवला, मेलेलं औषध वाढलं. बर्फात ठेवायला कोणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं.

"पेपरात आलंय," मावशी म्हणाली.

डॉक्टरबाईंना काही कळलं नाही. तो पेपर माझा आहे, असं मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाटल्या ट्रेमध्ये ठेवल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

मावशी माझ्यावर चिडेल, असं मला वाटलं होतं. ती चिडली नाही. थोड्या वेळाने समजूत काढल्यासारखं म्हणाली, "मी आधीपासूनच ठेवायची गं. पन तू लिवलंस, तवा वाटलं, बरोबरच हाय."

मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी बोलू लागली. यंत्रावर आकडा येऊ लागला होता. मावशी तशीच उभी होती. तिने मुलीच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तू खाल्लं नव्हतंस."

"सांगत व्हते ना," मुलगी म्हणाली.

यापुढे त्या दोघींत या विषयावर काही बोलणं झालेलं मी ऐकलं नाही.

मी खुलासा लिहून दिला. सहाव्या पानावर तो चार ओळींत आला. मावशीने तो कापून भिंतीवरच्या चौकटीच्या वरच चिकटवला, चौकटीचा शेवट झाकला जाईल असा. घरी तिने मातीचं मडकं आणलं. बाहेरून ओलं फडकं, आत वाळूवर बाटली. बर्फ तिने फक्त माशांना ठेवला. रुग्णालयात मुलांच्या मधुमेहाचा दवाखाना मंगळवारी असतो. मंगळवारी ती दुपारी ओटा शेजारणीवर सोपवून तिथे जाऊन बसायची आणि नव्या आयांना गाठायची. "बर्फात ठेवतेस?" असं विचारायची. नाही म्हटलं तरी सगळं सांगायची, मिठासकट. पोरीने काही खाल्लं नसताना आपण तिला धपाटा घातला, हेसुद्धा सांगायची. काही आया जागा बदलून बसायच्या.

माझ्या बातम्यांवरचा तिचा प्रश्न बदलला. नव्या पेशींबद्दल आणखी बातम्या आल्या. एका तरुणीच्या स्वतःच्याच पेशींपासून बनवलेल्या पेशी तिला दिल्या होत्या. दुसरीकडे वॉचमनला ओळखू येणार नाहीत अशा पेशी एका रुग्णात तग धरून होत्या. उंदीर का माणूस, हे तिने विचारलं नाही. ती विचारायची, "तू डोल्यांनी पायलंस?"

मी पाहिलं नव्हतं. शोधनिबंध वाचला होता आणि दोन तज्ज्ञांना विचारलं होतं, असं सांगायचे. काय विचारलं, हे ती विचारायची. मग मी ऑफिसला परत जाऊन आणखी एक फोन करायचे.

गेल्या वर्षी मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी मुलीचा फोन आला. मार्गशीर्षात गुरुवारी बाजार थंड असतो, म्हणून मावशी धक्क्यावर गेली नव्हती. सातला मुलीने सुई टोचून घेतली. मावशी तिच्यासाठी चपात्या करायला बसली, पीठ मळता मळता छातीत दुखतंय म्हणाली आणि भिंतीला टेकली. शेजाऱ्यांनी टॅक्सीतून रुग्णालयात नेलं. आठ वाजून पाच मिनिटांनी डॉक्टरांनी तिला मृत घोषित केलं.

मी सव्वादहाला शिवडीच्या कोळीवाड्यात पोहोचले. तिला घरी आणलं होतं. खोलीत वाड्यातल्या आणि बाजारातल्या बायका बसल्या होत्या. नवरा बोटीवर होता, बोट तीन दिवसांपूर्वी समुद्रात गेली होती. वायरलेसवर निरोप पोहोचला होता. बोट येईपर्यंत थांबायचं ठरलं होतं. ती कधी येईल हे कोणी सांगू शकत नव्हतं.

मुलगी आईच्या उशाशी बसली होती. आता ती सोळा पूर्ण होती. तिचं कपाळ घामाने भिजलं होतं आणि ओठ थरथरत होते. रडण्याने, असं बायकांना वाटत होतं. मी विचारलं. टॅक्सीत तिने दोन बिस्किटं खाल्ली होती. सुई घेऊन सव्वातीन तास झाले होते.

ती थोरल्या आत्याला म्हणाली की मला जेवावं लागेल. आत्याने तिला जवळ घेतलं आणि सांगितलं, घरात आई आहे, चूल पेटत नाही, तिला नेईपर्यंत कोणी तोंडात काही घालत नाही.

"मी सकाली टोचलंय," मुलगी म्हणाली. "आता नाय खाल्लं तर मी पडेन."

आत्याने नुसती तिची पाठ थोपटली. खोलीत पंधरा-सोळा बायका होत्या. मी उठून सांगायला तोंड उघडलं, पण त्याआधी दारापाशी बसलेली एक बाई उठली. मावशीच्या शेजारच्या ओट्यावरची. "ती बोलते ते खरं हाय," एवढं म्हणून ती बाहेर गेली. परत आली तेव्हा तिच्या एका हातात साखरपाण्याचा पेला होता, दुसऱ्या हातात शेजारच्या घरातल्या तीन चपात्या आणि वाटीत डाळ.

मुलीने आधी पेला संपवला. मग आईच्या उशाशीच बसून, सगळ्यांच्या समोर, दोन चपात्या आणि डाळ खाल्ली. तिसरी चपाती तिने फडक्यात गुंडाळून मांडीवर ठेवली. तेव्हा अकराला दहा मिनिटं कमी होती.

बोट पावणेचारला धक्क्याला लागली.